बोव्हाइन, केनाइन, सर्पंटाइन : शेवटी ‘आय-एन-ई’ असणाऱ्या इंग्रजी विशेषणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या एका गल्लीत मी गेली अकरा वर्षं इंग्रजी शब्दसंग्रहाचा संध्याकाळचा वर्ग घेते. दहावी-बारावीची मुलं येतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे येतात, आणि मुलांना सोडायला आलेले दोन-तीन पालक हळूहळू मागच्या बाकावर बसायला लागलेत. प्राण्यांवरून आलेल्या या विशेषणांचा धडा निघाला की दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. हे शब्द परके समजून घोकले तर आठवडाभरात उडून जातात. मराठीच्या अंगाने त्यांच्याकडे गेलं तर त्यातले निम्मे ओळखीचे निघतात.

हा ‘आय-एन-ई’ म्हणजे नेमकं काय?

लॅटिनमध्ये ‘ईनुस’ असा एक प्रत्यय होता. नामाला तो लावला की ‘त्याचा’, ‘त्याच्यासंबंधी’ किंवा ‘त्याच्यासारखा’ असा अर्थ तयार व्हायचा. बोस म्हणजे गाय किंवा बैल, त्यावरून बोव्हाइन. कानिस म्हणजे कुत्रा, त्यावरून केनाइन. मराठीत कुल–कुलीन, ग्राम–ग्रामीण या जोड्यांत प्रत्यय जे काम करतो, तेच काम.

या प्रत्ययाचा एक सख्खा भाऊ इंग्रजीच्या स्वतःच्या घरातही आहे. वुडन, गोल्डन, वूलन या शब्दांच्या शेवटी जो ‘एन’ ऐकू येतो तो हाच, फक्त तो लॅटिनमधून न येता जर्मानिक भाषांच्या वाटेने आला. डुकराला इंग्रजीत स्वाइन म्हणतात तेही मुळात असंच विशेषण होतं. डुकरासाठीच्या ‘सू’ या जुन्या शब्दाला हा प्रत्यय लागला आणि पुढे विशेषणाचं नाम झालं. आपल्या सूकर शब्दात तोच ‘सू’ बसलेला आहे.

इंग्रजीत काऊ, डॉग, हॉर्स असे सोपे शब्द असताना बोव्हाइन, केनाइन, इक्वाइन कशाला?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. मी उत्तराऐवजी उलट विचारते: घरी तुम्ही कुत्रा म्हणता, मग पोलिसांचं ‘कुत्रापथक’ का नसतं? ते श्वानपथक असतं. शेतावरच्या मोटारीची ताकद घोडाशक्तीत मोजत नाहीत, अश्वशक्तीत मोजतात. घरात निघतो तो साप, पण त्याला पकडायला येतो तो सर्पमित्र, आणि दवाखान्याच्या कागदावर लिहितात सर्पदंश. गोठ्यात गाय असते, पण संस्थेच्या पाटीवर गोशाळा.

म्हणजे मराठीतही बऱ्याच प्राण्यांना दोन शब्द आहेत. एक रोजच्या तोंडचा, आणि एक शास्त्र, कचेरी, छापील कागद यांच्यासाठी राखलेला. आपण हा दुसरा शब्द संस्कृतमधून घेतो, इंग्रजी तो लॅटिनमधून घेते. आपल्याला संस्कृत, तसं इंग्रजीला लॅटिन, एवढं एक समीकरण मनात बसलं की या शब्दांची अर्धी भीती जाते. श्वानपथकाला इंग्रजी बोलणारे पोलीस ‘के-नाइन’ म्हणतात. के हे अक्षर आणि नऊ हा आकडा एका दमात म्हणून बघा, केनाइनच ऐकू येतं.

यातले बरेचसे शब्द लोकांच्या बोलण्यातून रुळत रुळत आलेले नाहीत. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात वैद्यकावर, प्राणिशास्त्रावर लिहिणाऱ्या विद्वानांनी ते लॅटिनमधून उचलले. म्हणून ते आजही दवाखान्यात, प्रयोगशाळेत, औषधाच्या खोक्यावरच जास्त भेटतात.

निफाडकडून येणारी एक मुलगी मागच्या वर्षी असंच एक खोकं घेऊन आली होती. घरी आठ गाई. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या पुठ्ठ्यावरचा शब्द तिने पेनाने अधोरेखित केला होता आणि त्याखाली मराठीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बोविने?’ पुठ्ठ्याला अजून सरकी पेंडीचा वास होता. मी फळ्यावर ‘बोव्हाइन’ लिहिलं, त्याखाली ‘गो’ लिहिलं आणि दोघांत रेघ ओढली. त्या रेघेचं स्पष्टीकरण पुढच्या उत्तरात आहे.

यातले कोणते शब्द खरोखर आपल्या शब्दांचे नातेवाईक आहेत?

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमधलं साम्य योगायोगाने येणं शक्य नाही, त्या एकाच मूळ स्रोतातून निघालेल्या असणार. प्राण्यांची नावं घेऊन हे पडताळता येतं.

बोव्हाइनमधला लॅटिन बोस आणि संस्कृत गौः हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज, आणि इंग्रजी काऊ हा तिसरा. पाहायला गेलं तर ब आणि ग यांत काही साम्य नाही, पण मूळ ध्वनी ओठ गोल करून काढलेला ‘ग्व’ होता. एका घराने त्यातला ग ठेवला, दुसऱ्या घरात तो ब झाला. नाशिककरांना हा ‘गो’ शोधायला दूर जायला नको. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, त्यात त्याला ‘त्रिगोशतसहस्रद’ म्हटलं आहे, म्हणजे तीन लाख गाई दान देणारा. ओसरीतल्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत कोरलेला तो ‘गो’ आणि औषधाच्या खोक्यावरचा बोव्हाइन यांचं मूळ एकच. माझ्या वर्गाची सहल दरवर्षी तिथे जाते ती या एका शब्दासाठी.

इक्वाइन म्हणजे घोड्यासंबंधी. लॅटिन एक्वुस, संस्कृत अश्व. केनाइन म्हणजे श्वानवर्गीय. लॅटिन कानिस, संस्कृत श्वन्, इंग्रजी हाउंड. इथे एक नियम दिसतो. मूळ भाषेतला एक विशिष्ट ‘क’ लॅटिनमध्ये क राहिला आणि संस्कृतमध्ये श झाला. लॅटिन केंटुम म्हणजे शंभर, आपलं शत. सेंच्युरी आणि शतक हे दोन्ही शब्द क्रिकेटच्या एकाच बातमीत शेजारी छापले जातात आणि ते चुलत भाऊ आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. लॅटिन डेकेम म्हणजे दहा, आपलं दश. डिसेंबर बारावा महिना असून त्याच्या नावात दहा का, याचं उत्तर असं की जुन्या रोमन वर्षाची सुरुवात मार्चपासून व्हायची.

अर्साइन म्हणजे अस्वलासंबंधी, आणि या शब्दाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. लॅटिन उर्सुस, ग्रीक आर्क्टोस, संस्कृत ऋक्ष. जांबवंताला ऋक्षराज म्हणतात तो हाच ऋक्ष. आकाशातल्या सप्तर्षींना पाश्चात्त्य परंपरेत उर्सा मेजर म्हणजे मोठं अस्वल म्हणतात. आपल्याकडे ते सात ऋषी, म्हणजे काही संबंध नाही असं वाटतं. पण शतपथ ब्राह्मणात स्पष्ट म्हटलं आहे की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. आर्क्टिक हा शब्दही या अस्वलाचाच, अस्वलाच्या नक्षत्राखालचा उत्तरेचा प्रदेश. मे महिन्यात रात्री गच्चीवर झोपणाऱ्या घरांतल्या मुलांना मी सांगते, सप्तर्षी दिसले की अर्साइन म्हणा. तो शब्द नंतर कुणी विसरल्याचं मला आठवत नाही.

म्यूराइन म्हणजे उंदरासंबंधी. लॅटिन मूस, संस्कृत मूष, इंग्रजी माउस. गणपतीचा मूषक त्याच घरातला. शिवाय मसल म्हणजे स्नायू हा शब्द लॅटिन ‘मुस्कुलुस’ वरून आला, त्याचा अर्थ छोटा उंदीर. दंड वळवून बेटकुळी काढा. आपल्याला त्वचेखाली बेडूक दिसला म्हणून आपण बेटकुळी म्हणालो, रोमन लोकांना उंदीर दिसला.

सर्पंटाइन म्हणजे सापासारखा, वळणावळणाचा. लॅटिन सेर्पेरे आणि संस्कृत सृप् या एकाच मूळ धातूच्या दोन बाजू, दोन्हींचा अर्थ सरपटत जाणे. भाषांतर करताना विद्यार्थी ‘सापासारखा रस्ता’ लिहितात, ते लिहू नका. मराठीत त्याला हक्काचा शब्द आहे, नागमोडी. कसारा घाटातला किंवा सप्तशृंगगडावर चढणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा.

बाकीचे थोडक्यात. ओव्हाइन म्हणजे मेंढीसंबंधी, संस्कृत अवि. अँसराइन म्हणजे हंसवर्गीय. लॅटिन आन्सेर, संस्कृत हंस, इंग्रजी गूज. हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतात उतरणाऱ्या पट्टकादंब हंसाचं शास्त्रीय नाव आन्सेर इंडिकस आहे. नांदूरमध्यमेश्वरला दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांच्या पुस्तकात ते असतंच. लूपाइन म्हणजे लांडग्यासारखा. लॅटिन लूपुस, इंग्रजी वुल्फ, संस्कृत वृक. भीमाला वृकोदर म्हणतात, लांडग्याच्या पोटाचा, कितीही खाल्लं तरी भूक न भागणारा.

मग सिंह, मांजर, हत्ती यांचेही शब्द संस्कृतशी जुळतात का?

नाही. लिओनाइन, फीलाइन, एलिफंटाइन यांचा सिंह, मार्जार, हस्ती यांच्याशी संबंध जोडू नका. ओढून ताणून जोडलेली व्युत्पत्ती लक्षात छान राहते, पण ती खोटी असते, आणि पुढे हेच मूल दुसऱ्या कुणाला शिकवतं. एलिफंटाइन मात्र एलिफंटा लेण्यांमुळे सोपा जातो. घारापुरीला पोर्तुगिजांना दगडी हत्ती दिसला म्हणून त्यांनी ते नाव दिलं. तो हत्ती आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे.

‘ॲक्विलाइन नोज’ म्हणजे कसं नाक?

नाशिकच्या माणसाने नाकाबद्दल विचारावं, यासारखं सुख नाही. लॅटिन आक्विला म्हणजे गरुड. ॲक्विलाइन नाक म्हणजे गरुडाच्या चोचीसारखं, मधे थोडा उंचवटा घेऊन खाली बाक आलेलं. इंग्रजीत हे वर्णन बहुतेक वेळा कौतुकाचं असतं, चेहऱ्याला करारीपणा देणारं.

आपण नाकासाठी दुसरा पक्षी निवडला. संस्कृत कवींना पोपट दिसला, म्हणून शुकनास. मंदिरांच्या शिखरावर पुढच्या बाजूला जो उठाव काढतात त्यालाही शुकनास हेच नाव आहे. चाफेकळी नाक वेगळं, ते सरळ आणि नाजूक. ॲक्विलाइनचं भाषांतर चाफेकळी करू नका. बाकदार किंवा गरुडाच्या चोचीसारखं म्हणा.

आणि खुद्द गावाचं नाव. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून नासिक, ही कथा पंचवटीत पावलोपावली ऐकायला मिळते. नऊ शिखरांवरून नाव आलं असंही सांगतात. सातवाहन राजा कृष्ण याच्या काळातल्या पांडवलेण्यांतल्या लेखात नासिक हे नाव आहे, म्हणजे ते निदान दोन हजार वर्षं तरी चालत आलेलं आहे. संस्कृत नासिका, लॅटिन नासुस, इंग्रजी नोज आणि नेझल हे सगळे एकाच मुळाचे.

उच्चार ‘आइन’ करायचा, ‘इन’ की ‘ईन’?

प्राण्यांचं विशेषण असेल तर डोळे मिटून ‘आइन’ म्हणा: बोव्हाइन, फीलाइन, पॉर्साइन (डुकरासंबंधी), व्हल्पाइन (कोल्ह्यासंबंधी). डिव्हाइन आणि आल्पाइनही त्याच वळणाचे. फेमिनिन, मॅस्क्युलिन, जेन्युइन यांत ‘इन’. मरीन आणि प्रिस्टीन यांत ‘ईन’. सर्पंटाइनचा अमेरिकन उच्चार ‘सर्पंटीन’ असाही होतो, दोन्ही बरोबर. सरसकट नियम नाही. मोठ्याने म्हणून कानाला सवय लावणं हाच उपाय.

हे शब्द माणसांसाठी वापरले तर चालतात का?

चालतात, पण जपून. दर वर्षी निबंधांत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एका मुलाने आजीचं वर्णन करताना ‘गरीब गाय’ हे मनात धरून तिला बोव्हाइन म्हटलं होतं. आपल्याकडे गाय म्हणजे सोशिक, निरुपद्रवी, मायाळू. इंग्रजीत माणसाला बोव्हाइन म्हटलं की अर्थ होतो सुस्त, मंद, चेहऱ्यावर कसलीही हालचाल नसलेला. मुलाच्या मनात प्रेम होतं आणि कागदावर अपमान उतरला. तो निबंध मी त्याच्या शेजारी बसून पुन्हा लिहून घेतला, आणि तेव्हापासून हा मुद्दा पहिल्याच तासाला सांगते.

कोल्ह्याच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचं एकमत आहे. व्हल्पाइन म्हणजे धूर्त. गाढवाच्या बाबतीतही. ॲसिनाइन हा शब्द लॅटिन आसिनुस म्हणजे गाढव यावरून आला आणि त्याचा आजचा अर्थ मूर्खपणाचा. तो माणसापेक्षा विधानाला किंवा वागण्याला लावतात. लिओनाइन हे कौतुक, विशेषतः दाट केस आणि भारदस्त डोकं असलेल्या माणसाचं. फीलाइन चालण्याला लावला तर डौलदार. पॉर्साइन कुणालाही लावू नका. इक्वाइन आणि ओव्हाइन हे मुख्यतः शास्त्रीय शब्द, ते जनावरांपुरतेच ठेवा.

सुळ्याच्या दाताला डेंटिस्ट केनाइन का म्हणतात?

कुत्र्याचे ते दात सगळ्यात ठळक दिसतात म्हणून.

व्हॅक्सीन हा शब्दही याच कुटुंबातला आहे हे खरं का?

खरं आहे, आणि हा प्रश्न मागच्या बाकावरच्या एका पालकांनी विचारला याचा मला फार आनंद झाला. लॅटिनमध्ये गाईला वाक्का असाही शब्द होता. त्याला आपला ‘ईनुस’ लागून विशेषण झालं, गाईचं, गाईसंबंधी. इंग्लंडमधल्या एडवर्ड जेनर या डॉक्टरांनी १४ मे १७९६ रोजी गाईंना येणाऱ्या देवीच्या रोगाचा स्राव एका आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचला आणि तो मुलगा माणसांच्या देवीपासून सुरक्षित राहिला. गवळणींना एकदा गाईची देवी येऊन गेली की मोठी देवी येत नाही, हे खेड्यातले लोक बोलत होते. जेनरनी ते तपासून पाहिलं. १७९८ साली त्यांनी जे लिहिलं त्यात या रोगाला ‘गाईची देवी’ अशा अर्थाचं लॅटिन नाव होतं. त्या नावातलं विशेषण सुटं झालं आणि लशीचं नाव बनलं.

पुढे १८८१ मध्ये लुई पाश्चर यांनी जेनरचा मान म्हणून सुचवलं की सगळ्याच रोगांवरच्या अशा टोचणीला हाच शब्द वापरावा. म्हणून आज गाईशी काडीचा संबंध नसलेली लसही व्हॅक्सीनच. भारतात देवीची पहिली लस १८०२ साली मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. ज्यांच्या आजी-आजोबांच्या दंडावर तो गोल व्रण आहे त्यांनी तो एकदा नीट बघावा. त्या व्रणाच्या इंग्रजी नावात गाय आहे.

प्राण्यांशिवाय आणखी कोणते शब्द या शेवटाचे आहेत?

पुष्कळ. डिव्हाइन म्हणजे दैवी. लॅटिन देउस आणि आपला देव एकाच मुळाचे. सेलाइन म्हणजे खारट. दवाखान्यात ‘सलाईन लावलं’ म्हणतो ते हेच विशेषण, आणि त्या बाटलीत पाण्यात ०.९ टक्के मीठ असतं. सॅटर्नाइन म्हणजे शनीच्या छायेतला, खिन्न, गंभीर. शनीची ही ओळख दोन्हीकडे सारखीच. प्रिस्टीनचा मूळ अर्थ फक्त ‘पूर्वीचा’ एवढाच होता, आज तो अस्पर्श, निर्मळ या अर्थाने वापरतात.

फेमिनिनवर मात्र थांबायला हवं. लॅटिन फेमिना म्हणजे स्त्री, आणि त्या शब्दाचा मूळ धातू दूध पाजण्याचा. त्याच धातूवरून संस्कृतमध्ये धेनु झाली आणि बाळाला दूध पाजणारी धात्री झाली, जिला आपण धाय म्हणतो. हे सांगितलं तेव्हा निफाडची ती मुलगी म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे सगळं फिरून गोठ्यातच येतं.’

क्लोरीन, मशीन, मेडिसीन यांचं काय?

ती नामं आहेत, या यादीत धरू नका. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांचा शेवट रसायनशास्त्रज्ञांनी नावं पाडताना ठरवून लावला.

परीक्षेसाठी यातले किती पाठ करावेत?

आठ-दहा शब्द पक्के असले तरी पुरतात: बोव्हाइन, केनाइन, फीलाइन, इक्वाइन, लिओनाइन, ॲक्विलाइन, सर्पंटाइन, ॲसिनाइन, आणि वेळ असेल तर अर्साइन व व्हल्पाइन. वहीचं पान उभं तीन भागांत दुमडा. पहिल्या भागात इंग्रजी शब्द, मधे संस्कृत नातेवाईक असेल तर तो, तिसऱ्या भागात रोजचा मराठी शब्द. मधली जागा रिकामी राहिली तर रिकामीच ठेवा, तीही माहितीच आहे.

बिबट्यासाठी असा शब्द आहे का?

उसाच्या पट्ट्यातून येणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, कारण त्यांच्या घरी दोन दिवसांआड त्याच्याच गोष्टी चालतात. आहे, पार्डाइन. फार कमी वापरात आहे, पण शब्द खरा आहे. लॅटिन पार्डुस म्हणजे बिबट्या. लेपर्ड या नावात लिओ आणि पार्ड असे दोन प्राणी जोडलेले आहेत, कारण जुन्या काळी लोकांना तो सिंह आणि पार्ड यांचा संकर वाटायचा. बिबट्याच्या शास्त्रीय नावात पार्डुस आजही जसाच्या तसा आहे: पँथेरा पार्डुस.